पडदा काचेच्या कुठल्या बाजूला?

गेल्या दिवाळीनंतर आम्ही बाल्कनी हॉलमध्ये घेतली. आम्ही म्हणजे खरं तर मीच. बाबांचं म्हणणं, आहे ते काय वाईट आहे? आईला कपडे कुठे वाळत घालायचे याची काळजी, आणि आजीला तिच्या तुळशीची. पण मी पडलो इंजिनीयर. एक्सेलमध्ये चौकोन रंगवून सगळ्यांना पटवलं की मधलं दार-खिडकी काढायची, बाहेरच्या कठड्याच्या जागी खालपासून वरपर्यंत सरकत्या काचा बसवायच्या. हॉल चार फुटांनी लांब होतो, उजेड भरपूर येतो आणि पश्चिमेची टेकडी सोफ्यावर बसल्याबसल्या दिसते. पुण्यात चार फूट म्हणजे किती रुपये, असाही एक कॉलम होताच.

डिसेंबर-जानेवारीत मी घरातला हिरो होतो. संध्याकाळचं कोवळं ऊन थेट टीव्हीपर्यंत यायचं. येणारा प्रत्येक पाहुणा "वा, काय उजेड आहे हो!" म्हणायचा आणि मी "काही नाही, थोडं प्लॅनिंग" असं म्हणून घ्यायचो.

मार्चमध्ये आजीने खुर्ची हलवली. दुपारी पेपर घेऊन ती बाल्कनीच्या दाराशी बसायची, ती आता स्वयंपाकघराच्या बोळात बसायला लागली.

"अरे, तिथे दुपारी बसवत नाही रे."

"अगं आजी, मग एसी लाव ना."

"एसी लावला की तुझी आई म्हणते पडदे ओढा. पडदे ओढले की अंधार. मग दिवा लावायचा. मग काच कशाला बसवलीस?"

मी हसलो आणि विषय बदलला. एप्रिलमधल्या एका दुपारी आजी हॉलमधून उठताना भोवळ येऊन खाली बसली. आई शेजारीच होती म्हणून बरं. डॉक्टरांनी भरपूर पाणी आणि विश्रांती सांगितली आणि निघताना काचांकडे बघून म्हणाले, "यांना दुपारचं इथे बसू देऊ नका." माझ्या चार फुटांचा एवढा नेमका रिव्ह्यू दुसऱ्या कुणी दिला नव्हता.

त्याच संध्याकाळी मी जाड, काळ्या अस्तराचे पडदे ऑर्डर केले. फरक पडला, पण थोडाच. दुपारी चार वाजता पडदा आणि काच यांच्या मधल्या फटीत हात घातला, तर बेकरीच्या भट्टीत घातल्यासारखा चटका. आणि ती सगळी गरम हवा पडद्याच्या वरून आरामात हॉलमध्ये येत होती. तेव्हा कुठे मी वाचायला बसलो. आणि वाचता वाचता एक फार मोठा माणूस सापडला, ज्याने हीच चूक नव्वद वर्षांपूर्वी केली होती, आणि आजीसारख्या शेकडो लोकांना तिच्यात बसवलं होतं. आजची गोष्ट त्याची.

पण आधी थोडं शाळेतलं विज्ञान. उन्हातली साधारण निम्मी ऊर्जा आपल्याला दिसणाऱ्या उजेडाची असते. उरलेली बहुतेक अवरक्त किरणांची, म्हणजे न दिसणारी. साधी काच या दोन्हींना आत सोडते. आत आलेलं ऊन फरशीवर, सोफ्यावर, तुमच्या महागड्या पडद्यावर पडतं आणि तिथे त्याची उष्णता होते. आता ही तापलेली फरशी स्वतःही किरणं टाकते, पण ती फार लांब तरंगलांबीची, आणि त्यांना काच बाहेर जाऊ देत नाही. शिवाय तापलेली हवा कोंडलेलीच. येताना दार उघडं, जाताना बंद.

म्हणजे ऊन काचेच्या आत आलं की खेळ संपला. आतला पांढरा पडदा त्यातलं काही परत बाहेर परतवतो, पण बाकीची उष्णता पडद्याची आणि पडद्याची ती खोलीची. तोच पडदा काचेच्या बाहेर असेल तर तो तापतो, पण बाहेरच्या हवेत. आपल्या भाषेत सांगायचं तर कचरा डेटा दारातच अडवायचा असतो. तो डेटाबेसमध्ये शिरल्यावर कितीही क्लीनअप जॉब चालवा, ते काम महागच पडतं.

"पण मग उजेडाचं काय?" हा पुढचा प्रश्न. याचं उत्तर वाचून मी चाट पडलो. भर दुपारच्या थेट उन्हात सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. पेपर वाचायला किंवा कीबोर्ड बडवायला लागतात ३०० ते ५००. म्हणजे गरजेच्या दोनशे पट! थेट ऊन पूर्ण अडवलं तरी नुसत्या आभाळाचा आणि समोरच्या भिंतीवरून परावर्तित झालेला उजेड खिडकीजवळ पुरून उरतो. ऊन आणि उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, तरी मी एक्सेलमध्ये एकच कॉलम केला होता.

ही अक्कल जगात नवी नाही. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी चपट्या शिंपल्यांची तावदानं असत. उजेड दुधासारखा गाळून आत, ऊन बाहेर. कोकणातली पडवी, वाड्याची ओसरी, राजस्थानातली दगडी जाळी, सगळ्यांचं तत्त्व तेच. आणि ज्यांचा धंदाच काचेत राहण्याचा होता, त्या माळ्यांनाही ते ठाऊक होतं. विलायतेतले माळी उन्हाळ्यात काचघरांच्या काचांना बाहेरून चुना फासत. आपल्याकडे नर्सरीवाले हिरवी जाळी रोपांच्या वर बांधतात, ती त्यातलीच.

लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ साली क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. सुमारे तीन लाख काचा, तोवरची जगातली सगळ्यात मोठी काचेची इमारत. ती कल्पना होती जोसेफ पॅक्स्टनची, आणि पॅक्स्टन हा आर्किटेक्ट नव्हे, चॅट्सवर्थच्या बागांचा मुख्य माळी. त्याने काय केलं? काचेच्या छतावर बाहेरून मांजरपाटासारखं जाड कापड पसरलं, आणि भिंतींमध्ये उघडझाप करता येणाऱ्या पट्ट्यांचे झरोके ठेवले. जूनमध्ये गर्दीच्या दिवशी तिथेही गरम होत असेच. पण पडदा काचेच्या कुठल्या बाजूला लावायचा, हे माळ्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

आता मोठ्या माणसाकडे येऊ. ल कॉर्बुझिए. चंडीगडमुळे आपल्या ओळखीचा. जन्म १८८७, स्वित्झर्लंडमधला. खरं नाव शार्ल-एदुआर जानरे. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये त्याने आणि त्याचा चुलतभाऊ पियर जानरे याने मिळून नव्या वास्तुकलेचा झेंडा हातात घेतला होता. भिंती आता भार घेत नाहीत, खांब घेतात. मग भिंतीच्या जागी सगळी काचच का नको? हा विचार एकट्या त्याचा नव्हता, पण तो आणखी एक पाऊल पुढे गेला. त्याच्या डोक्यात होतं की जगभर सगळ्या देशांत, सगळ्या हवामानांत एकच प्रकारचं घर चालेल. खिडकी उघडायचीच नाही. यंत्राने स्वच्छ केलेली, १८ अंशांची हवा आत खेळती ठेवायची. आणि बाहेरची भिंत दुहेरी काचेची. मधल्या पोकळीतून हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात थंड हवा सोडायची, म्हणजे बाहेर काहीही असो, आत फरक पडणार नाही. कागदावर अप्रतिम. (माझं एक्सेलही अप्रतिमच होतं.)

ही कल्पना उतरवायला त्याला पॅरिसमध्ये एक काम मिळालं. साल्व्हेशन आर्मी, म्हणजे आपल्याकडे जिला मुक्तिफौज म्हणतात ती संस्था, बेघरांसाठी मोठं आश्रयस्थान बांधत होती. नाव सिते द रेफ्यूज. मुख्य देणगी विनारेटा सिंगर या बाईंची, म्हणजे आपल्या आज्यांच्या घरी जे शिवणयंत्र असायचं त्या सिंगर घराण्यातल्या. रात्री पुलाखाली झोपणारी माणसं, तान्ही बाळं घेऊन आलेल्या एकट्या बायका, यांच्यासाठी शेकडो खाटा, भोजनगृह, पाळणाघर. १९३३ च्या डिसेंबरात फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन झालं.

दक्षिणेच्या बाजूची अख्खी दर्शनी भिंत, सुमारे एक हजार चौरस मीटर, काचेची. आणि त्यात उघडणारी एकही खिडकी नाही.

आता कुठल्याही प्रोजेक्टमध्ये होतं तेच इथेही झालं. पैसे कमी पडले आणि स्पेकमधल्या गोष्टी गळायला लागल्या. दुहेरी काच रद्द, एकेरी काच बसली. हवा थंड करायचं यंत्र रद्द. हवा खेळवण्याची आणि हिवाळ्यात ती गरम करण्याची व्यवस्था तेवढी राहिली. पण ज्या दोन गोष्टींच्या भरवशावर खिडक्या बंद केल्या होत्या, त्या दोन्ही गेल्यावर खिडक्या उघड्या करायचं मात्र राहून गेलं. डिपेन्डन्सी काढून टाकली, आणि तिच्यावर उभा असलेला कोड तसाच रिलीज केला.

हिवाळा बरा गेला. डिसेंबरमध्ये उद्घाटन झालेल्या काचेच्या इमारतीचा पहिला हिवाळा बराच जातो, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. मग १९३४ चा उन्हाळा आला. दक्षिणेच्या उन्हात ती हजार मीटरची काच तापली, आणि आत माणसं शिजायला लागली. सगळ्यात वाईट हाल पाळणाघराचे आणि आयांच्या खोल्यांचे. मोठा माणूस उठून बाहेर तरी जाईल. तान्हं बाळ पाळण्यातून उठून कुठे जाणार?

संस्थेने तक्रार केली. कॉर्बुझिएचं उत्तर काय होतं? इमारत बरोबर आहे, यंत्रणा अपुरी आहे. ती पूर्ण करा, थंड हवेची सोय करा, पण काच फोडून खिडक्या पाडू नका. यावर पत्रापत्री झाली, तज्ज्ञांचे अहवाल झाले. शेवटी सरकारी अधिकाऱ्यांनी आरोग्याच्या कारणावरून खिडक्या बसवायला लावल्या, आणि तीसच्या दशकाच्या मध्यावर त्या काचभिंतीत सरकती तावदानं आली. तरीही तो मनातून शेवटपर्यंत राजी नव्हता.

हे वाचताना मी जरा वेळ थांबलो. कारण त्याचं उत्तर माझ्या ओळखीचं होतं. "अगं आजी, मग एसी लाव ना."

एक लक्षात घ्या, तो माणूस दुष्ट नव्हता. त्याला खरंच त्या माणसांना सूर्य द्यायचा होता. क्षयाचा काळ तो. पॅरिसच्या अंधाऱ्या, कोंदट चाळींतून आलेल्यांना ऊन आणि हवा मिळणं हे औषधच मानलं जायचं. हेतू शंभर नंबरी. फक्त आत बसलेला माणूस "मला त्रास होतोय" म्हणाला, तेव्हा त्याने ड्रॉइंगकडे पाहिलं, माणसाकडे नाही.

गंमत म्हणजे (गंमत तरी कशी म्हणू!) त्याच सुमारास, १९३३ मध्ये, तो अल्जीरियातल्या अल्जिअर्ससाठी इमारतींची चित्रं काढत होता आणि त्यांत काचेच्या बाहेर काँक्रीटच्या आडव्या-उभ्या फळ्यांची चौकट दिसायला लागली होती. या चौकटीला पुढे फ्रेंचमध्ये नाव पडलं ब्रीझ-सोलेय. शब्दशः अर्थ ऊन मोडणारा. म्हणजे दूरच्या गरम देशासाठी उत्तर हातात होतं. स्वतःच्या गावातल्या, स्वतःच्या इमारतीतल्या तक्रारीला ते लावायचं सुचलं नाही, किंवा सुचून पटलं नाही.

ते उत्तर मोठ्या इमारतीवर पहिल्यांदा नीट उतरलं ब्राझीलमध्ये. रिओमध्ये शिक्षण आणि आरोग्य मंत्रालयाची इमारत बांधायची होती. १९३६ मध्ये कॉर्बुझिए सल्ला द्यायला गेला, पण ती प्रत्यक्षात आणली लुसिओ कोस्टा, ऑस्कर निमायर आणि त्यांच्या तरुण ब्राझिलियन सोबत्यांनी. रिओ दक्षिण गोलार्धात, त्यामुळे तिथे दुपारचा सूर्य उत्तरेकडे. म्हणून दक्षिणेची बाजू सरळ काचेची ठेवली, आणि उत्तरेच्या बाजूला काचेच्या पुढे अंतर सोडून आडव्या पट्ट्या बसवल्या. या पट्ट्या आतून दांड्याने फिरवता येत. सूर्य वर चढला की एक कोन, उतरला की दुसरा. १९४३ साली न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमने ब्राझीलच्या इमारतींचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा अमेरिकेच्या डोळ्यांत भरली ती हीच युक्ती.

त्याच काळात असंच काहीसं पाँडिचेरीत घडत होतं. अरविंद आश्रमाचं गोलकोंड नावाचं वसतिगृह तिसाच्या दशकाच्या अखेरीस बांधायला घेतलं. आर्किटेक्ट अँटनिन रेमंड, आणि जागेवर राहून काम बघणारा जॉर्ज नाकाशिमा. इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण, आणि त्या बाजूंना भिंत नाही, काचही नाही. वरपासून खालपर्यंत नुसत्या फिरवता येणाऱ्या आडव्या पट्ट्या. हवा येते, उजेड येतो, ऊन येत नाही. काचेचा प्रश्न त्यांनी काचच न लावून सोडवला.

इथे पट्ट्या आडव्या की उभ्या, यामागचं गणितही सांगून टाकतो, कारण माझी खरी चूक त्यातच होती. पुण्यात मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीला सूर्य बारा-साडेबाराला बरोबर डोक्यावर असतो. शून्य सावली दिवस म्हणतात तो हाच. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीला दीड-दोन फुटांचा साधा छज्जा पुरतो. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४८ अंशांवर उतरतो आणि हवंहवंसं ऊन छज्ज्याखालून आत येतं. पण पश्चिम? संध्याकाळी पाचला सूर्य समोर, जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत. मावळतीकडे तोंड करून बाइक चालवताना हेल्मेटच्या वरच्या काठाचा जेवढा उपयोग, तेवढाच तिथे छज्ज्याचा. पश्चिमेला उभं किंवा तिरपं काहीतरी लागतं, किंवा ऊन काचेपर्यंत पोचणारच नाही एवढी खोल सावली. आमची बाल्कनी पश्चिमेची होती. बिल्डरने (कधी नव्हे ते) दिलेली चार फूट खोल सावली. आणि मी नेमकी काच तिच्या बाहेरच्या कडेला नेऊन बसवली होती.

परत पॅरिसला. १९४४ च्या ऑगस्टमध्ये, शहर मुक्त होण्याच्या धामधुमीत, जवळ पडलेल्या बॉम्बने सिते द रेफ्यूजच्या काचा फुटल्या. युद्धानंतर १९४८ ते १९५२ च्या दरम्यान दुरुस्ती झाली, तेव्हा त्या भिंतीला उघडणाऱ्या खिडक्या आणि काचेच्या पुढे ब्रीझ-सोलेय मिळालं. पहिल्या तक्रारीपासून हिशेब केला तर चौदा वर्षांच्या वर. त्या पाळणाघरातली बाळं तोवर कमवायच्या वयाला आली होती. इमारत आजही उभी आहे, आजही बेघरांसाठीच चालते.

आणि लगेच, १९५१ मध्ये, दोघं भाऊ आले भारतात. फाळणीत लाहोर गेलं होतं, पंजाबला राजधानी हवी होती. चंडीगडच्या उन्हाळ्यापुढे पॅरिसचा उन्हाळा म्हणजे आपला जानेवारी. सोबत मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू हे इंग्रज जोडपं होतं, त्यांना पश्चिम आफ्रिकेतल्या कामाचा अनुभव होता. पियर, फ्राय आणि ड्र्यू यांनी सरकारी नोकरांची साधी घरं बांधली. विटांच्या जाळ्या, लहान खिडक्या, खोल व्हरांडे. कॉर्बुझिएकडे होत्या मोठ्या इमारती. अडीचशे मीटर लांबीच्या सचिवालयाचा दर्शनी भाग बघा, काच दिसतच नाही आधी. दिसते ती काँक्रीटची खोल चौकट, आणि काच तिच्या मागे सावलीत. उघडी खिडकीही नको म्हणणारा माणूस वीस वर्षांत इथवर आला होता.

त्याचं सगळ्यात नेमकं काम मला वाटतं अहमदाबादचं, गिरणी मालक संघाची इमारत, १९५४ सालची. पश्चिमेच्या, रस्त्याच्या बाजूला काँक्रीटच्या उभ्या फळ्या तिरप्या वळवल्यात, म्हणजे संध्याकाळचं सरळ येणारं ऊन त्यांच्यावर आदळतं. पूर्वेच्या, नदीच्या बाजूला त्याच फळ्या काटकोनात, म्हणजे साबरमती दिसते आणि वारा येतो. एकाच इमारतीच्या दोन बाजूंना दोन वेगळी उत्तरं. जगभर एकच घर चालेल म्हणणाऱ्याला एका घरालाही एक उत्तर पुरत नाही, हे कळलं होतं.

सगळं बरोबर केलं असं नाही. काँक्रीट जाड, त्यामुळे दिवसभर ऊन पिऊन ते रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतं. हलक्या पातळ पट्ट्या यापेक्षा बऱ्या. आणि चंडीगडच्या उच्च न्यायालयात कोर्ट क्रमांक २ ते ९ समोर व्हरांडा होता, पण १ समोर नव्हता. वकील आणि पक्षकार ऊन-पावसात उभे. तिथे व्हरांडा बांधा असा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला, जागतिक वारशाला धक्का लागेल म्हणून चंडीगड प्रशासन सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने व्हरांड्याच्या बाजूने कौल दिला. पडवीसाठी सुप्रीम कोर्ट!

पियर जानरेचं मात्र सांगायलाच हवं. कॉर्बुझिए येऊन-जाऊन असायचा, पियर इथेच राहिला. चौदा वर्षं, १९६५ पर्यंत. १९६७ मध्ये तो वारला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थी चंडीगडच्या सुखना तलावात विसर्जित केल्या. जिथे उन्हात राहायचं कसं ते शिकला, तिथेच राहिला म्हणायचा.

मग हे सगळं एवढं कळलेलं असताना आपण काचेच्या डब्यांत कसे पोचलो? उत्तर १९५२ च्या न्यूयॉर्कमध्ये आहे. लेव्हर हाउस नावाची हिरवट-निळ्या काचेची, न उघडणाऱ्या खिडक्यांची ऑफिस इमारत त्या वर्षी उभी राहिली. कॉर्बुझिएला १९३३ मध्ये परवडली नाही ती थंड हवा इथे परवडली. यंत्र आलं आणि सावलीचं शास्त्र कोपऱ्यात गेलं. ओल्ग्याय बंधूंनी १९५७ मध्ये सूर्याचा मार्ग आणि सावली यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, आर्किटेक्चरच्या कॉलेजांत ते शिकवलंही जातं, पण बाहेर इमारती लेव्हर हाउससारख्याच होत राहिल्या. १९९० नंतर आपल्याकडे आयटी आली आणि काचही.

आमचं ऑफिस बघा. चारही बाजूंना सारखीच काच, उत्तर काय नि पश्चिम काय. दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या बाजूचे सगळे ब्लाइंड्स खाली असतात, कारण स्क्रीन दिसत नाही. ब्लाइंड्स खाली म्हणून छतातले दिवे चालू. काच तापते म्हणून एसी फुल्ल. आणि एसीखाली बसलेली मुलगी स्वेटर घालून. उजेडासाठी काच लावली, आणि भर उन्हात आपण दिवे लावून बसलोय. आजीचा प्रश्न आमच्या फॅसिलिटीवाल्यांना विचारायला हवा.

आता काचा सुधारल्यात, हे कबूल. विशेष लेप दिलेल्या काचा अवरक्त किरणं बऱ्याच प्रमाणात परत पाठवतात आणि उजेड आत सोडतात. पण वरचं गणित आठवा. उन्हातली निम्मी ऊर्जा उजेडाचीच आहे. अगदी आदर्श काच सगळं अवरक्त अडवेल, तरी थेट उन्हाचा सगळा उजेड आत घेतला तर निम्मी उष्णता त्याच्यासोबत येणारच. ती टाळायची तर सावलीच हवी. आपल्या देशाच्या ऊर्जासंवर्धन इमारत संहितेतही, जी २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली, काचेच्या प्रमाणासोबत बाहेरच्या छज्जे-फळ्यांचा हिशेब धरलेला आहे.

असो. तर मेच्या पहिल्या आठवड्यात मी त्याच अ‍ॅल्युमिनियम सेक्शनवाल्याला परत बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, काच काढायची का?" म्हटलं, "काढायची नाही, आत सरकवायची." जिथे आधी दार-खिडकी होती, त्या रेषेत त्याच सरकत्या काचा, उंचीला थोड्या कापून, बसवल्या. बाहेर पुन्हा कठडा. बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला, छताला हूक मारून, बांबूच्या चिकाचे दोन पडदे. दुपारी तीनला सोडायचे, सूर्य टेकडीमागे गेला की गुंडाळायचे. काच तीच, खोली तीच. फक्त काच चार फूट मागे आली आणि पडदा तिच्या पुढे गेला.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी त्याला विचारलं.

"गिऱ्हाईक चित्र घेऊन येतं, साहेब. आम्ही चित्राप्रमाणे करतो."

खोली थंडगार झाली, असं खोटं सांगणार नाही. मे महिना तो मे महिनाच. चार वाजता पंखा लागतोच, एखाद्या दिवशी एसीही लागतो. पण काचेला हात लावला तर चटका बसत नाही. चिकाच्या काड्यांमधून उजेडाच्या बारीक रेघा फरशीवर पडतात आणि दिवा लावावा लागत नाही. तुळस परत बाल्कनीत गेली, कपड्यांची दोरीही. माझी टेकडी आता सोफ्यावरून दुपारी दिसत नाही, ती बघायला बाल्कनीत जाऊन उभं राहावं लागतं.

आजीची खुर्ची दाराशी परत यायला मात्र आठवडा लागला. आम्ही कुणी काही बोललो नाही. एका शनिवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो, तेव्हा ती पेपर घेऊन आली, खुर्ची ओढली, चष्मा लावला.

"बरं वाटतंय का गं आता इथे?"

"बरं आहे," ती पेपरातून डोकं वर न काढता म्हणाली. "पण मार्चमध्ये सांगितलं तेव्हाच ऐकलं असतंस, तर तुझे पैसे वाचले असते."

एक्सेलमध्ये हा कॉलम नव्हता.